सतापीचा पेला

कोस
कार्नेइओस महिना, अमावास्या उलटून चौथा दिवस

चि. निकागोरास यास,

हेदीलेताईचे आशीर्वाद. तू अथेन्सला खुशाल असशीलच, नेहमी असतोस. इकडे तुझे दाजी बरे आहेत, मुलं बरी आहेत. धाकट्या तिमोचे पुढचे दात पडलेत आणि ती हसताना तोंडावर हात धरते. अंजिरं गच्चीवर वाळत घातली आहेत, गांधीलमाश्यांनी जीव नकोसा केला आहे. रेशमाच्या मागांना यंदा उसंत नाही. माझी तब्येत मध्यंतरी बरी नव्हती, आता उठते-बसते. त्याबद्दल पुढे लिहावंसं वाटलं तर लिहीन.

तुझं पत्र दाजींनी बंदरावरून आणून दिलं. वाचलं, बाजूला ठेवलं आणि पीठ मळायला बसले. इतकं मळलं की भाकऱ्यांचे दगड झाले. पोरांनी निमूट खाल्ले.

तू लिहितोस की आपल्या धाकट्या बहिणीचा, मिर्तिसचा गर्भ आपोआप गळला, ती निसर्गाची इच्छा, तिच्यासाठी रडत बसणं शहाण्या घराला शोभत नाही. तू लिहितोस की तुझ्या यजमानांच्या पुतण्याला बायको हवी आहे, मुलगा सालस आहे, तेव्हा ताई, तू तिला चार शब्द समजावून सांग. आणि शेवटी, जाता जाता, तू तिमोचं नाव घेतोस. 'मी तेव्हा अडवलं नसतं तर तिमो असती का? माझ्या विचारांवर विश्वास ठेवून तुझं कधी वाईट झालं आहे का?'

निको, तिमोचं नाव या वादात घ्यायचं नाही. हे एकदा सांगून ठेवते, मग बाकीचं बोलू.

सहा वर्षांपूर्वीचं तुला आठवतं ते तुझ्या सोयीचं आठवतं. तू तेव्हा नुकताच इटलीहून, तारासच्या त्या मंडळींकडून परतला होतास. त्यांच्या पंथात वाल निषिद्ध, म्हणून वालाच्या दाण्याला शिवत नव्हतास. आमच्या घरी जेवायला बसलास की आधी पातेल्यात डोकावायचास. माझी चार बाळंतपणं झाली होती आणि चौथ्याला मी मरता मरता वाचले होते. पाचवं राहिलं तेव्हा वैद्य म्हणाले, हे बाळंतपण हिला झेपायचं नाही. पण औषध आम्ही देणार नाही, आमची शपथ आहे. सुईण द्यायला तयार होती. तुझे दाजीही तयार होते. पण त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे, म्हणाले, निकागोरास शिकलेला आहे, त्याला विचारू.

मला विचारायला हवं होतं. तुला विचारलं.

तू अंगणात डाळिंबाच्या सावलीत बसून बोललास. बीज पडतं त्याच क्षणी आत्मा येतो, कुठल्या कुठल्या जन्मांची वाट तुडवून येतो. 'ताई, तो दारात उभा आहे. त्याला हाकलून देशील?' तुझा आवाज किती गोड होता. आई गेल्यापासून मला कुणी तसं समजावलं नव्हतं. मी सुईणीला परत पाठवलं.

नंतर काय झालं ते तू पाहिलं नाहीस, कारण तू अथेन्सला निघून गेला होतास. सुईण आणि दोन शेजारणी मला धरून होत्या. दाजी बाहेर भिंतीला कपाळ लावून उभे होते. तिमो झाली. तेव्हापासून माझं अंग बाहेर येतं. पाण्याची घागर उचलली की येतं, जोरात खोकला आला की येतं. मी मागावर फडक्याची घडी घेऊन बसते. हे बहिणीने भावाला लिहायची गोष्ट नव्हे. पण आत्म्याच्या वाटा तू मला सांगितल्यास, तर त्या वाटेचं काय झालं तेही ऐक.

आणि तिमोवर माझा जीव आहे. तिच्यावाचून मला घास उतरत नाही. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. एकाने दुसरं खोडता येत नाही. अथेन्सच्या ओसरीवर शिकवणाऱ्या तुझ्या आताच्या गुरुजींना विचार, हे कुठल्या तर्कात बसतं. नसेल बसत तर तर्क रुंद करा म्हणावं, माझी मुलगी कापू नका.

आता मिर्तिस.

तिचा नवरा थेउदोतोस तापाने गेला तेव्हा तिला दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं. रीत तुला माहीत आहे: मूल होईपर्यंत विधवेने सासरी राहायचं, मूल झालं तर घरदार, जहाजं त्याची. नाही झालं तर सगळं दिराचं आणि बाई माहेरी परत, म्हणजे तुझ्या ताब्यात. दीर थ्रासियास तिच्याकडे बघायचा तेव्हा तोंडाकडे बघत नसे. मिर्तिस वेडी, तिला वाटायचं भावजय म्हणून आदराने नजर खाली ठेवतो.

तिला मूल हवं होतं. थेउदोतोस वयाने मोठा असला तरी तिच्याशी चांगला वागला होता. ती मला म्हणाली होती, ताई, निदान त्याचे कान तरी येऊ देत, त्याचे कान फार सुरेख होते. बाळाला गुंडाळायचे पट्टे विणायला घेतले होते तिने, कडेला लाल रेघ.

तू आलास. आम्हाला वाटलं, धाकट्या बहिणीच्या दुःखात भाऊ आला. थ्रासियासने तुझ्यासाठी मेजवानी दिली. पुरुष आत, आम्ही बायका पडद्याच्या अलीकडे लोकर पिंजत होतो. तुमच्या बोलण्याला अडसर नव्हता, आमच्या कानांनाही नव्हता.

थ्रासियास म्हणाला, पोटातलं मूल म्हणजे नेमकं काय, हे तुमच्यासारख्याने सांगावं. आणि तू सांगितलंस. आता वाल खात होतास, म्हणजे आत्म्याचं मतही बदललं असणार हे मी ओळखायला हवं होतं. तू म्हणालास, ते रोपासारखं असतं. झाडाला फळ लागावं तसं आईच्या देहाचाच भाग. बाहेर येऊन गार हवेचा पहिला श्वास घेतला की मग जीव. त्याआधी नाही. मंडळी माना डोलावत होती. कुणीतरी दुसऱ्या गुरूंचं मत काढलं की मुलाचा जीव चाळीस दिवसांत धरतो आणि मुलीचा नव्वद. त्यावर हसाहशी झाली, थ्रासियास म्हणाला, बायकांना नटायला वेळ लागतोच.

मी पडद्याआड मनात म्हणत होते, मधले पन्नास दिवस कुठे थांबते रे ती? कुणाच्या ओट्यावर बसते? आणि मिर्तिस माझ्या शेजारी एका हाताने लोकर पिंजत होती, दुसरा हात पोटावर होता. ती हळूच म्हणाली, 'दादा माझ्याबद्दल बोलत नाहीये ना?' मी म्हणाले, नाही गं, पुरुषांच्या गप्पा आहेत. जेवण झालं की असंच काहीतरी लागतं त्यांना.

मला वाटलंही तसंच. माझा भाऊ मतं बदलतो, माणसं विकत नाही, असं मी धरून चालले होते.

दोन दिवसांनी तिचा गर्भ गेला. मला निरोप आला तेव्हा तू बंदरावर होतास, जहाजात चढत होतास. मी पोहोचले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिची जाऊ मेलिता फडकी धूत होती. मी विचारलं, काय झालं? मेलिता म्हणाली, झालं. मग धूतच राहिली. ते फडकं केव्हाचं स्वच्छ झालं होतं.

मिर्तिसला मी घरी आणलं. खूप दिवस ती बोलली नाही. मग एका सकाळी तिने विचारलं की सताप कडू असते का. मी म्हणाले, असते, का? ती लोकर उचलून मागाकडे गेली. गर्भ पाडायला सुईणी सतापच देतात. तेव्हा मला पहिल्यांदा संशय आला. पण संशय थ्रासियासचा आला, निको. तुझा नाही. तुझा नाही.

वारस नोंदवायचा दिवस आला. चौकातल्या वेदीपाशी पंच बसले होते. दिराने शपथ घ्यायची की माझ्या भावाच्या मागे मूलबाळ नाही, मग सगळं त्याच्या नावावर. मिर्तिसने दाजींचे पाय धरले. तिला एवढंच हवं होतं की शपथेत एक वाक्य जास्त असावं: माझ्या भावाच्या बायकोच्या पोटात जे होतं ते माझ्या हाताने किंवा माझ्या सांगण्यावरून गेलं नाही. तिच्या वतीने बोलायचा हक्क तुझा, तिचा पालक तू. तू नव्हतास, म्हणून पंचांनी दाजींना बोलू दिलं.

तुझे दाजी पार्मेनिस्कोस चार माणसांत बोलायला उठले तर मला घाम फुटतो. त्या दिवशीही अडखळत अडखळत बोलले. थ्रासियासने मात्र तुझे शब्द पाठ केले होते. म्हणाला, जे माणूस नव्हतंच त्याची शपथ कसली? झाडावरून कच्चं फळ पडलं तर कुणी झाडाच्या मालकाला वेदीवर उभं करतं का? त्याने तुझं नावही घेतलं, अथेन्सचं नावही घेतलं. लोक कुजबुजले, शिकलेल्या माणसाचं मत आहे.

दाजी अंगावरचं वस्त्र सावरू लागले. मला वाटलं, संपलं. मग म्हणाले, 'काहीच नव्हतं ना? मग घे की शपथ. जड काय जातंय?'

पंचांतले म्हातारे म्हणाले, बरोबर आहे, घे.

थ्रासियासने आपल्या दोन्ही मुलांना पुढे ओढलं. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून घ्यायची असते ना शपथ. खोटी निघाली तर वंश जळो असं म्हणायचं असतं. बळीचं मांस कापून ठेवलेलं, माश्या घोंगावत होत्या. त्याने हात ठेवले. 'मी थ्रासियास...' एवढं म्हणाला असेल.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून मेलिता बाहेर आली. डोक्यावरून पदर तसाच. ती धावली नाही, ओरडली नाही. नवऱ्याच्या हाताखालून तिने दोन्ही पोरांची मनगटं धरली आणि त्यांना घेऊन चालती झाली. चौक ओलांडून, कासारांच्या दुकानांवरून, सरळ घरी. थ्रासियासचे हात तसेच हवेत राहिले, खाली काही नाही.

पंच उठले आणि वेदीवरचं मांस कुत्र्यांना टाकायला सांगितलं.

जहाजं अजून धक्क्याला बांधलेली आहेत, कुणाच्याच नावावर नाहीत. थ्रासियासकडे हल्ली कुणी जेवायला जात नाही. एवढाच न्याय झाला. जास्त होईल असं मला वाटत नाही.

मेलिता नंतर आमच्याकडे आली. दारातच बसली, आत येईना. नवऱ्याने तिला मारलं होतं, ते दिसत होतं. सताप तिनेच खलात कुटली होती. नवरा म्हणाला, कुट, तिने कुटली. मध घातला, मद्यात कालवली. पण मिर्तिस कितीही भोळी असली तरी दिराच्या हातचं औषध पिणार नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून आत काय आहे ते सांगून पेला तुझ्या हातात दिला.

मी मिर्तिसकडे बघितलं. ती मागावरून उठली नाही. धोटा या हातातून त्या हातात गेला, परत आला. मग म्हणाली, 'मला उलट्या होत होत्या ना ताई. दादा म्हणाला, यानं पोट शांत होईल. मला कडू लागलं, मी तोंड फिरवलं. तर म्हणाला, पी, मी आहे ना.'

तिला पहिल्यापासून माहीत होतं, निको. इतके दिवस माझ्या घरात राहून, माझ्याबरोबर जेवून, तिने तुझं नाव घेतलं नव्हतं. चौकात मागितलेल्या शपथेतही तिने फक्त दिराचे हात घातले, भावाचे नाही. तुला वाचवत होती ती.

आणि तू मला लिहितोस, आपोआप गळला.

मी तुझ्याशी आत्म्यावर वाद घालणार नाही. तुझं आजचं म्हणणं खरं असेल. नसेलही. ओसरीवरचे गुरुजी काय सांगतात यात त्यांचा दोष नाही, त्यांनी पेला धरला नव्हता. पण एक मला सांग. ते नुसतं रोप होतं असं तुला मनापासून वाटत होतं, तर मेजवानीत जे बोललास ते तिच्यासमोर बसून का नाही बोललास? सतरा वर्षांची असली तरी तिला ग्रीक समजतं. काही नव्हतंच तर मधात का लपवलंस? बियाणं पेरताना किंवा रोप उपटताना शेताला विचारत नाहीत, हेच तुझं तत्त्वज्ञान. तारासला असताना तेच होतं आणि अथेन्सला तेच आहे. मला ठेवायचं नव्हतं तेव्हा तो आत्मा होता. तिला ठेवायचं होतं तेव्हा ते फळ होतं. दर वेळी नवं सत्य सापडलं तुला आणि दर वेळी ते दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात सापडलं.

माझ्या तब्येतीचं लिहायचं टाळत होते. आता लिहिते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मला पुन्हा दिवस गेले. मिर्तिस घरात, तिचे ते डोळे घरात, आणि मला सकाळी उलट्या. मी तिच्यापासून लपवलं. लपतं कुठे? तिनेच एका दिवशी माझ्या हातातली घागर काढून घेतली.

मी रात्रंदिवस विचार केला. तुझे दोन्ही वाद मनात आळीपाळीने लढवले. तुझ्यापेक्षा चांगले लढवले असतील, कारण मला त्यातून उठून जहाजात चढायचं नव्हतं. शेवटी तुझ्या दाजींना सांगितलं की हे मूल मी जन्माला घालू शकणार नाही, घालायला गेले तर पाच पोरं आईवाचून राहतील. या वेळी ते कुणाला विचारू म्हणाले नाहीत. म्हणाले, 'तू राहा. बाकीचं मला कळत नाही.'

सुईणीला बोलावलं. तीच सताप. मध घालू दिला नाही मी. आणि पेला मिर्तिसने आणून दिला.

मी तिला म्हणाले होते, तू बाजूच्या खोलीत जा, तू हे बघू नकोस. ती गेली नाही. तिला राग आला असेल, हेवा वाटला असेल. तिच्या पोटातलं नेलं आणि मी माझं आपण होऊन देते आहे. मी विचारलं, माझा राग येतो का? म्हणाली, येतो. आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बसली, सगळं होईपर्यंत.

मी रडले. अजून रडते. ते काय होतं ते मला माहीत नाही. झाडाचं फळ नव्हतं एवढं नक्की, मी झाड नाही. दारात उभा असलेला कुणी पाहुणा होता का? असेल. मग त्याला मी परत पाठवलं, आणि ते माझ्या माथी. माहीत नसताना ठरवावं लागलं, ते मी ठरवलं. विटाळ संपेपर्यंत देवळात गेले नाही. संपल्यावर गेले तर देवाला काय सांगावं सुचेना, म्हणून दिवा लावून परत आले. हे तुला सांगते ते तुझी क्षमा मागायला नाही आणि तुझ्या चर्चेला खाद्य म्हणूनही नाही. माझ्या अंगावरून गेलेली गोष्ट आहे. ओसरीवर काढलीस तर मला कुठून ना कुठून कळेल.

मिर्तिसचं लग्न होणार नाही. तुझ्या यजमानांना काय सांगायचं ते सांग, शब्दांची तुला कधी वाण पडली नाही. दाजींनी पंचांकडे अर्ज केला आहे की तिचं पालकपण तुझ्याकडून काढून त्यांच्याकडे द्यावं. का, ते भर चौकात सांगावं लागलं तर सांगतील. अडखळत सांगतील, पण सांगतील. तू विरोध करू नयेस असं मला वाटतं.

बाबांच्या श्राद्धाला येऊ नकोस. आम्ही दोघी तर्पण करू. इतर वेळी कधी यायचं झालं तर ये. पण दारात थांब. मिर्तिसला निरोप देईन. ती बाहेर आली तर बोल, आणि या खेपेला तूच ऐक. नाही आली तर आल्या पावली परत जा. माझ्याकडे बघू नकोस, मी तिला समजावणार नाही. चार शब्द समजावून सांगण्याचं काम या घरातून बंद झालं आहे.

मेलिता अजून त्याच घरात आहे. तिच्या माहेरी कुणी उरलेलं नाही. मुलांसाठी राहते म्हणते. तिच्यासाठी काय करता येईल ते आम्ही बघतो आहोत. तुझ्या ओसरीवर तिच्याबद्दल कुणी काही सांगितलं असेल तर कळव. असेल असं वाटत नाही.

पत्र फार लांबलं. हात दुखतो आहे. खूप वेळा वाटलं की तुला भाऊ म्हणून लिहूच नये, परक्या माणसाला लिहावं तसं लिहावं, म्हणजे राग तरी नीट उतरेल. जमलं नाही. लहानपणी मी तुला कडेवर घेऊन हिंडले आहे, ते हाडांत आहे. पोटातला गर्भ गाळता येतो, एवढं आम्हा दोघी बहिणींना कळलं आहे. पाठचा भाऊ गाळता येत नाही.

हेदीले